अस्सल आणि नक्कल : कमांड लाइनवरील दस्तऐवज-रूपांतराची सद्यःस्थिती

एखाद्या संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांचे दप्तर संगणकावर साठलेले असावे, त्यातील काही कागद जुन्या वर्डच्या डॉक फाइलींत, काही डॉकएक्समध्ये, काही ओडीटीत तर काही नुसत्या पीडीएफच्या रूपाने पडलेले असावेत, आणि हे सर्व एका स्वरूपात आणून ठेवावे असा ठराव कार्यकारी मंडळाने एकमताने संमत करावा, ही आज कोठेही घडण्याजोगी गोष्ट आहे. अशा वेळी एकेक फाइल उघडून ती ‘सेव्ह ॲज’ करीत बसणे हा एक मार्ग झाला, आणि पाचपन्नास फाइलींपुरता तो वाईटही नाही. परंतु संख्या हजारांच्या घरात गेली म्हणजे टर्मिनलमध्ये एकच आज्ञा लिहून सारे काम यंत्रावर सोपविण्याचा विचार आपोआप पुढे येतो. या मार्गाचा खरा गुण वेग हा नसून, एकदा लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते, दुसऱ्याच्या हवाली करता येते आणि वर्षभराने तीच पुन्हा जशीच्या तशी चालविता येते, हा आहे. हाताने केलेल्या कामाचा तपशील कोणाच्या लक्षात राहत नाही. आज्ञेने केलेल्या कामाचा तपशील त्या आज्ञेतच नोंदलेला असतो.

येथपर्यंत मतभेद नाही. तो सुरू होतो रूपांतरात काय टिकले पाहिजे आणि काय गेले तरी चालेल या प्रश्नापाशी. निरनिराळी साधने त्याची निरनिराळी उत्तरे गृहीत धरून बांधलेली आहेत, आणि ती गृहीते ध्यानात न घेता साधनांची तुलना करणाऱ्यांचे वाद बहुधा भलत्याच दिशेने जातात.

पूर्वपीठिका

कमांड लाइन आणि लेखनकाम यांचे नाते पुराणे आहे. जेरोम सॉल्ट्झर यांनी एमआयटीमध्ये १९६४ साली ‘रनऑफ’ नावाचा कार्यक्रम लिहिला. मजकुरातच मांडणीच्या सूचना लिहावयाच्या आणि छपाईयोग्य प्रत यंत्राकडून घ्यावयाची, ही त्याची रीत. पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स आकार घेत असता, तिच्या कर्त्यांना नवा पीडीपी-११ संगणक मिळाला तोही लेखनप्रक्रियेची साधने करून देऊ या सबबीवर, आणि त्या साधनांचे पहिले गिऱ्हाईक होते त्याच संस्थेतील पेटंट विभागाचे टंकलेखक. जो ओसाना यांचा ट्रॉफ, कोष्टकांसाठी टीबीएल, गणितासाठी ईक्यूएन अशी लहान लहान साधने तयार झाली आणि १९७३ साली युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय आल्यावर एकाचे उत्पन्न दुसऱ्यास पुरविण्याची जी पद्धत रूढ झाली, तीच आजही या क्षेत्राचा कणा आहे.

त्या काळी रूपांतराचा प्रश्न उग्र नव्हता, कारण मूळ प्रत साध्या मजकुराची असे आणि ती कोणासही वाचता येई. वर्ड प्रोसेसर आले, प्रत्येक कंपनीने आपले स्वरूप आपल्यापाशी गुप्त ठेवले, आणि मग एका कंपनीच्या फाइलीतील मजकूर दुसरीच्या कार्यक्रमात नेणे ही स्वतंत्र विद्या होऊन बसली. मायक्रोसॉफ्टने १९८७ मध्ये आरटीएफ हे देवघेवीचे स्वरूप काढले. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे सहकारी १९६९ पासून जे खुणांकनाचे काम करीत होते, त्याची परिणती १९८६ मध्ये एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय मानकात झाली. त्याचे सुटसुटीत रूप म्हणजे १९९८ चे एक्सएमएल. या परंपरेचे म्हणणे असे की मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे (शीर्षक आहे, अवतरण आहे की तळटीप आहे) एवढेच लिहून ठेवावे. तो कसा दिसावा हे नंतर ठरवावे. याच्या नेमके उलट तत्त्व ॲडोबीने १९९३ मध्ये पीडीएफच्या रूपाने मांडले : पान कसे दिसते तेवढे कायम करावे, त्यातील भाग काय आहेत याची पंचाईत करू नये. आजचे बहुतेक मतभेद या दोन टोकांच्या दरम्यान कोठे उभे राहावयाचे यासंबंधीचे आहेत.

कार्यालयीन फाइलींच्या बाबतीत २००६ साली ओडीएफला आणि २००८ साली, बऱ्याच गाजलेल्या वादानंतर, मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या मानकाच्या विरुद्ध मत देणाऱ्या देशांत भारत होता. त्या वादाचे गुणदोष आज कोणी फारसे काढीत नाही. त्याचे फळ मात्र सर्वांच्या पदरी पडले. डॉकएक्स आणि ओडीटी या दोन्ही फाइली वस्तुतः झिप पेट्या असून आत एक्सएमएल असते, तेव्हा ज्याला इच्छा असेल त्याने पेटी उघडून आतला ऐवज पाहावा. जुन्या डॉक स्वरूपाचे वर्णनही मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच प्रसिद्ध केले. तोपर्यंत ‘अँटीवर्ड’सारखी साधने बरीचशी तर्काने आणि चिकाटीने चालत होती.

आशय प्रधान मानणारा पक्ष

या पक्षाचे आजचे प्रमुख साधन म्हणजे ‘पॅनडॉक’. त्याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. हॅस्केल या भाषेत लिहिलेले हे साधन त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन त्याच्या दोनच वर्षे आधी आलेले होते, आणि पॅनडॉकची घडण पुष्कळ अंशी त्याच साध्या खुणांकनाभोवती झाली आहे. तत्त्वज्ञाच्या हातून हे काम झाले यात मला तरी नवल वाटत नाही. ‘दस्तऐवज म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर आधी ठरविल्यावाचून असे साधन लिहिताच येत नाही.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. वीस स्वरूपे परस्परांत बदलावयाची तर प्रत्येक जोडीसाठी निराळा रूपांतरक, म्हणजे ३८० रूपांतरक लिहावे लागतील; परंतु मध्ये एक सामाईक रूप ठेवले आणि प्रत्येक स्वरूपासाठी एक वाचक व एक लेखक लिहिला, तर ४० पुरतात. पॅनडॉक हेच करते. कोणतीही फाइल आली की वाचक तिचे एका मध्यस्थ वृक्षात रूपांतर करतो आणि लेखक त्या वृक्षातून इष्ट स्वरूप बाहेर काढतो. त्या वृक्षात परिच्छेद आहे, शीर्षक आहे, यादी, सारणी, तळटीप, दुवा, अवतरण आहे; पान नाही, पानाचा छेद नाही, समास नाही, अक्षराचा रंग नाही. वृक्षात ज्याला जागा नाही ते पलीकडे जाऊ शकत नाही. पॅनडॉकच्या माहितीपुस्तिकेतच असे बजावले आहे की त्याच्या मध्यस्थ रूपापेक्षा समृद्ध अशा स्वरूपातून आलेला मजकूर काही ना काही गमावणारच.

या पक्षाचा युक्तिवाद असा की जे गमावले ते बहुतांशी आगंतुक असते. नव्या प्रतीचे बाह्यरूप नमुन्याच्या फाइलीवरून देता येते. एका डॉकएक्समध्ये शैली एकदा बसविल्या की शेकडो प्रकरणे त्याच पोशाखात उतरतात, आणि २०१७ पासून मध्यस्थ वृक्षावरच लुआ भाषेतील छोटे गाळणे चालवून हवे ते फेरफार करण्याची सोयही आहे. ग्रंथ, प्रबंध, नियतकालिके, पाठ्यपुस्तके, म्हणजे ज्यांचे पुनर्मुद्रण होते आणि ज्यांचा एकच मजकूर छापील पुस्तक, ई-पुस्तक व संकेतस्थळ अशा तीन ठिकाणी जातो, त्यांच्यापुरता हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा वाटतो.

रूप प्रधान मानणारा पक्ष

पण दप्तरातील सारेच कागद ग्रंथ नसतात. करारनामा, निविदा, चौकशी अहवाल, न्यायालयात दाखल झालेले प्रतिज्ञापत्र यांचा उल्लेख ‘पृष्ठ ७ वरील तिसरा परिच्छेद’ अशा शब्दांनी होत असतो. रूपांतरानंतर तो परिच्छेद आठव्या पृष्ठावर गेला तर पुढील साऱ्या पत्रव्यवहारातील संदर्भ लटके पडतात. अशा ठिकाणी पान हेही आशयाचेच अंग आहे, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

त्यांचे साधन म्हणजे २०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालेले लिबरऑफिस, आणि त्यातही त्याची ‘हेडलेस’ रीत : खिडकी न उघडता, केवळ आज्ञेवर, फोल्डरभर फाइली वाचून त्यांचे पीडीएफ किंवा ओडीटी करून देणे. हा पूर्ण कार्यालयीन कार्यक्रमच पडद्याआड चालत असल्यामुळे शीर्षपट्टी, तळपट्टी, समास, चौकटी, सारणीतील जोडलेले कप्पे हे सारे तो जाणतो, आणि जुन्या डॉक फाइलीही वाचतो, ज्या पॅनडॉक मुळीच वाचत नाही. म्हणून व्यवहारात पुष्कळजण दोहोंची साखळी करतात : आधी लिबरऑफिसने डॉकचे डॉकएक्स, नंतर पॅनडॉकने डॉकएक्सचे मार्कडाउन किंवा एचटीएमएल.

या मार्गाच्या अडचणी दैनंदिन आहेत, आणि म्हणूनच अधिक त्रासदायक. फाइलीत वापरलेला फॉन्ट सर्व्हरवर बसविलेला नसेल तर त्याच्या जागी दुसरा येतो, ओळी निराळ्या ठिकाणी तुटतात, आणि ज्या पानांसाठी हा मार्ग पत्करला ती पानेच सरकतात. लिबरऑफिसची एक प्रत त्याच वापरकर्त्याच्या प्रोफाइलवर आधीच उघडी असेल तर पडद्याआडची आज्ञा आपले काम करीत नाही. अनुभवी माणसे त्यासाठी प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र प्रोफाइल देतात. आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेले पान लिबरऑफिसने मांडलेल्या पानाशी ओळ न् ओळ जुळेल, अशी हमी कोणतेही मानक देत नाही. मानक फाइलीचे असते, ती मांडणाऱ्या यंत्राचे नसते.

उतारा घेणारे आणि मूळ जपणारे

वरील दोन पक्षांखेरीज आणखी दोन भूमिका आहेत. पहिलीला रचनाही नको, रूपही नको. तिला शोधासाठी केवळ शब्द हवे असतात. पॉपलर संचातील ‘पीडीएफटूटेक्स्ट’ किंवा अपाचे प्रतिष्ठानचे ‘टिका’ ही तिची साधने. पीडीएफमध्ये बहुधा परिच्छेद म्हणून काही नसतेच, अमुक चिन्ह अमुक जागी काढावे एवढीच नोंद असते. त्यामुळे दोन स्तंभांच्या पानावरील ओळी एकमेकींत मिसळणे, शीर्षपट्टी वाक्याच्या मध्येच उगवणे हे प्रकार तेथे नित्याचे आहेत. पान नुसतेच छायाचित्र असेल तर टेसेरॅक्टसारख्या अक्षरवाचकाची गरज पडते; त्यास मराठीचे प्रशिक्षण दिलेले आहे, पण धूसर छपाई आणि जुने जोडाक्षरांचे खिळे यांपुढे त्याचीही मात्रा मर्यादितच चालते.

दुसरी भूमिका अभिलेखपालांची. तिच्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, कालमानाप्रमाणे फाइली नव्या स्वरूपात नेत राहावे, आणि मुक्कामाचे स्वरूप म्हणून २००५ मध्ये मानक ठरलेले पीडीएफ/ए घ्यावे. दुसऱ्या तटाची बाजू जेफ रॉथेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात मांडली : प्रत्येक स्थलांतरात काही तरी झिजते, तेव्हा मूळ फाइल तशीच ठेवावी आणि ती उघडणारा जुना संगणकच नव्या संगणकात अनुकरणाने उभा करावा. तत्त्वतः दुसरा मार्ग निर्दोष दिसतो. परंतु ज्या कार्यालयात संगणकाची देखभाल करणारा एकच माणूस असतो तेथे तो अमलात येणे दुरापास्त आहे, आणि यामुळे रूपांतरही करावे व मूळही राखावे, ही तडजोड सर्वत्र रूढ झाली आहे.

देवनागरीचा निराळा प्रश्न

आतापर्यंतच्या चर्चेत अक्षरे ही अक्षरेच आहेत असे गृहीत धरले होते. मराठी दप्तराच्या बाबतीत हे गृहीतच कोसळते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निश्चित झाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, आणि २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले. पण या मधल्या काळात, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, छपाई व कार्यालये यांचा कारभार निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर चालला होता. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच. वाचणाऱ्याला तो मराठी दिसे तो केवळ फॉन्टमुळे. ‘आयकॉन्व्ह’सारखी सांकेतिक लिपी बदलणारी साधने येथे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांच्या मते फाइलीत बदलण्याजोगे काहीच नसते.

‘वार्षिक अहवाल’ या शब्दांतील पहिलाच घ्या. युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हे उच्चाराच्या क्रमाने येतात : व, काना, र, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, क. जुन्या फॉन्टात ती दिसण्याच्या क्रमाने असतात : वेलांटी ‘ष’च्या आधी, रफार ‘ष’च्या नंतर, आणि पुष्कळदा खुद्द ‘ष’ हाही अर्धे अक्षर आणि उभा दंड असा दोन तुकड्यांचा. तेव्हा रूपांतरकाने तुकड्यांचे कोष्टक लावल्यावर वेलांटी पुढे नेली पाहिजे, रफार मागे आणला पाहिजे, आणि तोही जोडाक्षराची हद्द ओळखून. अशी रूपांतरके आहेत आणि चांगलीही आहेत. परंतु प्रत्येक निर्मात्याची योजना निराळी असल्यामुळे प्रत्येक फॉन्टाचे कोष्टक निराळे लागते, आणि फाइलीतील कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात आहे हे कळल्यावाचून त्या कोष्टकाचा उपयोग नाही.

येथे आशयवादी पक्षाची मोठी कुचंबणा होते. पॅनडॉक फॉन्टाचे नाव हे केवळ रूप समजून टाकून देते. पण या कागदांत फॉन्टाचे नाव हाच तो मजकूर मराठी असल्याचा एकमेव पुरावा असतो. एका वाक्यात मराठीच्या मध्येच एखादे इंग्रजी नाव असेल तर रूपांतरानंतर दोन्ही सारखीच इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि कोणती उलगडावयाची व कोणती तशीच ठेवावयाची हे सांगणारे काही उरत नाही. ‘सिंबॉल’ या फॉन्टातील चिन्हांसाठी पॅनडॉकने स्वतःच अपवाद केलेला आहे. अर्थात अडचण तत्त्वाची नसून आपल्या फॉन्टांसाठी तसे काम त्यात झालेले नाही, इतकीच आहे. तोवर क्रम पाळणे भाग आहे : लिबरऑफिसने फॉन्टांच्या नावांसह एक्सएमएल काढावे, त्यातील तुकडे फॉन्टानुसार युनिकोडमध्ये आणावेत, आणि मगच ते पॅनडॉकच्या हवाली करावेत. हा क्रम उलटा झाला की नुकसान भरून येत नाही.

युनिकोडमध्ये आल्यावरही सारे सुरळीत होते असे नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हापुढे हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकच. शोध घेताना दोन निराळे शब्द, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. त्यात कोणी साफसफाईच्या आज्ञेत अदृश्य चिन्हे सरसकट गाळली, तर दुसऱ्या रीतीचा ‘दऱ्या’ बिनबोभाट ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र घुसतो. ‘ॲ’चीही तीच कथा, त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि त्यापूर्वीच्या कागदांत तो ‘अ’ व चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला सापडतो. पीडीएफ करतानाही सावधगिरी हवी : पॅनडॉकचे नेहमीचे लाटेक यंत्र देवनागरी मांडीत नाही, त्याऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक नेमून फॉन्टाचे नावही आज्ञेत द्यावे लागते.

अनिर्णित मुद्दे

पहिला मुद्दा तोट्याच्या नोंदीचा. बहुतेक साधने काम फत्ते झाल्याचा निरोप देतात. काय गळाले याची यादी देत नाहीत. पॅनडॉक काही बाबतींत इशारे देते, पण मध्यस्थ वृक्षात जे मुळातच मावत नाही त्या सर्वांचा हिशेब ते मांडीत नाही. असा हिशेब देणे कोणत्याही साधनास पूर्णांशाने शक्य आहे काय, याबद्दल दोन मते आहेत. आपण काय वाचले नाही हे वाचकास कसे कळणार, असा एकांचा सवाल. निदान ओळखता न आलेल्या घटकांची गणती तरी द्यावी, असे दुसऱ्यांचे म्हणणे. मला दुसरे म्हणणे रास्त वाटते.

दुसरा मुद्दा जाऊन परत येण्याचा. संपादक वर्डमध्ये दुरुस्त्या करतो, लेखक मार्कडाउनमध्ये लिहितो, आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे वारंवार जाते-येते. अशा व्यवहारात पॅनडॉक सुचविलेले फेरफार व शेरे टिकवू शकते, परंतु गुंतागुंतीच्या सारण्या आणि अवघड मांडणी प्रत्येक फेरीत थोडथोडी विटते. म्हणून कोणती तरी एकच प्रत अस्सल ठरवावी आणि बाकीच्या तिच्यापासून निघालेल्या नकला समजाव्यात, असा सल्ला जाणकार देतात. तो पाळला जात नाही याचे कारण तंत्रात नसून कार्यालयाच्या सवयीत आहे.

तिसरा मुद्दा अगदी अलीकडचा. २०२४ मध्ये आयबीएमचे ‘डॉक्लिंग’ आणि मायक्रोसॉफ्टचे ‘मार्कइटडाउन’ ही साधने आली. त्यांचा रोख नाना स्वरूपांतील कागद भाषिक प्रतिमानांच्या उपयोगासाठी मार्कडाउनमध्ये आणण्यावर आहे, आणि पहिल्यात पानाची मांडणी ओळखण्यासाठी शिकविलेली प्रतिमानेही वापरली आहेत. याच ओघात पानाचे चित्र थेट प्रतिमानाकडून ‘वाचून’ घेण्याची चालही वाढत आहे. सारण्या आणि स्तंभ ओळखण्यात ही रीत जुन्या साधनांहून पुष्कळदा सरस ठरते. परंतु जुने साधन चुकले म्हणजे कचरा दिसतो आणि तो डोळ्यांत भरतो. प्रतिमान चुकले म्हणजे व्याकरणशुद्ध, पण मुळात नसलेले वाक्य येऊ शकते, आणि ते मूळ प्रत शेजारी ठेवून रुजुवात घातल्याखेरीज पकडता येत नाही.

ही रुजुवात कोणी आणि कशी घालावी, हेच आज सर्वांत अधांतरी आहे. जेथे काम मनावर घेतले जाते तेथे रूपांतरित फाइलीबरोबर मूळ फाइल, चालविलेली आज्ञा, साधनाची आवृत्ती आणि दोन्ही फाइलींचे चेकसम जपून ठेवतात. फाइलीत मागाहून फेरफार झालेला नाही एवढे चेकसमवरून सिद्ध होते. नक्कल अस्सलबरहुकूम आहे की नाही याबद्दल त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्यासाठी दोन्ही फाइलींतून नुसता मजकूर काढून ‘डिफ’ने ताडून पाहण्याचा प्रघात आहे, पण तो मजकूर काढणारे साधनही बहुधा त्याच घराण्यातले असते, आणि जे एकाच्या नजरेतून सुटले ते दुसऱ्याच्याही सुटण्याचा संभव राहतो, मग काही फाइली चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि कोणा माणसाने त्या अक्षरशः वाचून पाहाव्यात, एवढाच उपाय उरतो, आणि किती फाइली वाचल्या म्हणजे पुरे, यावर अभिलेखपाल आणि संगणकतज्ज्ञ यांचे अद्याप एकमत झालेले नाही.